२९ आठवड्यांच्या बाळाला व्हेंटिलेटर न लावता नाकातून श्वासाचा आधार का देतात?

तुम्ही कळवलेली हकीकत आधी थोडक्यात मांडतो. तुमची मुलगी २९ व्या आठवड्यात जन्मली, तिचे वजन ११५० ग्रॅम आहे आणि आज तिचा तिसरा दिवस आहे. डोंबिवलीतील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात तिला ठेवले आहे. तिच्या नाकात दोन आखूड नळ्या बसवल्या आहेत, तिथून निघालेल्या एका जाड नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले आहे आणि त्या पाण्यात सतत बुडबुडे येत असतात. दाब ६ आणि ऑक्सिजन २८ टक्के असल्याचे सिस्टरांनी तुम्हाला सांगितले. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की बाटलीतल्या बुडबुड्यांवर एवढेसे बाळ तग धरणार नाही, तिला लगेच परळला मोठ्या रुग्णालयात हलवावे आणि व्हेंटिलेटरवर ठेवावे. हा उपचार अपुरा आहे का, तिचे नाक लाल का झाले आहे आणि हे किती दिवस चालेल, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

मुंबईत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर उपचार करण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. तरीही बाळाला प्रत्यक्ष न पाहता तिच्या प्रकृतीविषयी निवाडा देणे योग्य नाही; तो अधिकार तिच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांचा आहे. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी निःशंकपणे देऊ शकतो. जे बाळ स्वतः श्वास घेते आहे, परंतु ज्याला त्या श्वासाचे कष्ट होत आहेत, अशा २९ आठवड्यांच्या बाळासाठी हाच आज जगभर पहिला उपचार मानला जातो. मोठ्यातल्या मोठ्या रुग्णालयात तुमची मुलगी जन्मली असती, तरी तिला बहुधा हेच लावले असते. नाकातून सतत ठरावीक दाबाने हवा देण्याच्या या पद्धतीला आम्ही सीपॅप म्हणतो, आणि बाटलीच्या प्रकाराला बबल सीपॅप.

त्यामागचे कारण फुप्फुसात आहे. आपल्या फुप्फुसांत हवेच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्या आतून ओलसर असतात आणि ओल्या पृष्ठभागांचा स्वभाव एकमेकांना चिकटण्याचा असतो. उच्छ्वासाच्या वेळी त्या पूर्ण मिटू नयेत म्हणून फुप्फुस स्वतःच सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ तयार करते. तो साधारण २४ व्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतो आणि ३४-३५ व्या आठवड्यापर्यंत पुरेसा होतो. २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाकडे तो असतो, पण थोडा असतो. परिणामी प्रत्येक उच्छ्वासाला काही वायुकोश मिटतात आणि पुढच्या श्वासाला ते पुन्हा उघडावे लागतात. कोरा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जड जाते, ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. अशी पहिली फुंकर या बाळाला मिनिटाला साठ-सत्तर वेळा घालावी लागते. त्याच्या बरगड्या मऊ असतात, त्यामुळे जोर लावला की फुप्फुस फुलण्याऐवजी छातीच आत ओढली जाते आणि मधोमध खड्डा पडतो.

अशी बाळे कण्हतात. त्या कण्हण्याचा अर्थ वैद्यकशास्त्राला बऱ्याच उशिरा उलगडला. बाळ श्वास सोडताना स्वरयंत्राची फट अर्धवट मिटून घेते, म्हणजे थोडी हवा आत अडकून राहते आणि वायुकोश पूर्ण मिटत नाहीत. म्हणजे ते स्वतःच स्वतःवर उपचार करत असते. फक्त त्यात त्याची शक्ती झपाट्याने संपते. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी या आजाराचे मूळ सरफॅक्टंटच्या कमतरतेत आहे, असे दाखवून दिले. तरीही पुढची काही वर्षे हातात उपचार नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन दोन किलोंहून अधिक होते, आणि तरीही याच आजाराने तो दोन दिवसांच्या आत गेला. आज तुमच्या मुलीच्या दुप्पट वजनाच्या बाळाबद्दल आम्ही सहसा घरच्यांना काळजी करू नका असे सांगतो, म्हणून ही घटना इथे नोंदवतो.

मग १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांचे सहकारी यांनी २० बाळांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. बाळ कण्हून जो दाब निर्माण करते, तोच बाहेरून सतत पुरवला तर त्याचे कष्ट वाचतील, इतका साधा त्यांचा विचार होता. त्या २० पैकी १६ बाळे वाचली. सीपॅपचा जन्म तिथे झाला. सुरुवातीला हा दाब श्वासनलिकेतल्या नळीतून किंवा डोक्याभोवतीच्या पेटीतून दिला जाई. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते, त्यामुळे नाक हा त्यासाठी सर्वांत सोपा मार्ग आहे, हे लवकरच लक्षात आले.

व्हेंटिलेटरविषयी घरच्यांना वाटणारा विश्वास मी समजू शकतो. व्हेंटिलेटरने असंख्य बाळांचे प्राण वाचवले आहेत आणि उद्या गरज पडली तर तुमच्या मुलीलाही तो लागेल. पण त्यासाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते, आणि यंत्राने ढकललेली हवा या कोवळ्या फुप्फुसांना ताणते. १९६७ मध्ये नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी व्हेंटिलेटरवर वाचलेल्या बाळांच्या फुप्फुसांत पुढे होणाऱ्या जुनाट विकाराचे पहिले वर्णन केले. त्याला आम्ही बीपीडी म्हणतो. त्यात बाळाला आठवडे-महिने ऑक्सिजन लागत राहतो. ज्या एव्हरीबाईंनी आजाराचे मूळ शोधले, त्यांनीच १९८७ मध्ये अमेरिकेतील आठ केंद्रांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या केंद्रात हा विकार सर्वांत कमी आढळला. तिथे डॉक्टर जेन-टिएन वुंग हे जन्मल्याबरोबर नाकातून बबल सीपॅप लावण्याचा आग्रह धरत असत. त्यांच्याकडचे साधन सर्वांत महागडे नव्हते. ते लवकर लावले जाई आणि नीट सांभाळले जाई. या एका निरीक्षणाने माझ्या पिढीतल्या अनेकांचा दृष्टिकोन बदलला.

पुढे मोठे अभ्यासही झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॉइन नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात २५ ते २८ आठवड्यांच्या ६१० बाळांपैकी निम्म्यांना सीपॅप आणि निम्म्यांना सुरुवातीपासून व्हेंटिलेटर दिला गेला. २०१० च्या सपोर्ट अभ्यासात २४ ते २७ आठवड्यांची १३१६ बाळे होती. दोन्हींमधून निघालेला निष्कर्ष असा, की सीपॅपने सुरुवात केलेल्या बाळांचे नुकसान झाले नाही आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना श्वासनलिकेतल्या नळीची गरज कधीच पडली नाही. एक गोष्ट मात्र लपवणे बरोबर नाही. कॉइनमध्ये सीपॅपच्या गटातील सुमारे ९ टक्के बाळांच्या फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीत साठली, तर व्हेंटिलेटरच्या गटात हे प्रमाण ३ टक्के होते. त्या अभ्यासात सुरुवातीचा दाब ८ ठेवला होता. साधे दिसते म्हणून सीपॅप निर्धोक आहे असे समजू नये, आणि दाब मनाला येईल तसा वाढवू नये, एवढा धडा आम्ही त्यातून घेतला.

आता त्या बाटलीविषयी, कारण तुमच्या घरच्यांची शंका तिच्याभोवतीच आहे. हवा आणि ऑक्सिजन ब्लेंडर नावाच्या उपकरणात हव्या त्या प्रमाणात मिसळले जातात. ते मिश्रण ह्युमिडिफायरमधून जाताना गरम आणि ओलसर होते, मग नाकातल्या नळ्यांपर्यंत पोचते. बाळाने सोडलेला श्वास आणि उरलेली हवा दुसऱ्या नळीने बाहेर पडते, आणि त्या नळीचे टोक पाण्यात ठरावीक खोलीवर बुडवलेले असते. टोक ६ सेंटिमीटर खोल असेल तर बाहेर पडणाऱ्या हवेला तेवढे पाणी ढकलावे लागते, म्हणून आत ६ सेंटिमीटर पाण्याएवढा दाब टिकतो. तुम्हाला सांगितलेला ६ चा आकडा तो हाच. यात बिघडण्यासारखे भाग कमी असतात. बुडबुड्यांमुळे छातीत सूक्ष्म कंपने पोचतात आणि त्यांचाही उपयोग होतो असे मानणारे आहेत. मी त्यावर भर देत नाही, कारण दाब टिकणे ही मुख्य गोष्ट आहे.

बुडबुडे थांबले तर कुठेतरी हवा गळते आहे असे समजावे: नळी निसटली असेल, नाकपुडीच्या मानाने ती बारीक असेल किंवा बाळाचे तोंड उघडे असेल. याउलट बुडबुडे येत असले, तरी पूर्ण दाब छातीपर्यंत पोचतो आहेच असे मात्र नाही. म्हणून अनुभवी सिस्टर बाटलीकडे एक नजर टाकते आणि मग बाळाच्या छातीकडे पाहते. खड्डा कमी झाला का, नाकपुड्या फुलतात का, कण्हणे थांबले का, हे तिथेच कळते.

या सगळ्या साहित्यातला जो भाग नसेल तर मी खरोखर अस्वस्थ होतो, तो म्हणजे ब्लेंडर. काही लहान रुग्णालयांत ऑक्सिजनची नळी थेट बाटलीच्या जुळणीला जोडलेली मी पाहिली आहे, म्हणजे बाळाला १०० टक्के ऑक्सिजन. मोठ्या माणसाला जीवनदायी वाटणारा हा वायू अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतील कोवळ्या रक्तवाहिन्यांना घातक ठरू शकतो. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टर केट कॅम्पबेल यांनी मुक्तहस्ते दिलेला ऑक्सिजन आणि बाळांचे अंधत्व यांचा संबंध दाखवला, त्याआधी हजारो मुलांची दृष्टी गेली होती. दुसरे टोकही वाईट आहे: ऑक्सिजनची पातळी फार खाली ठेवली तर मृत्यूचे प्रमाण वाढते, हे सपोर्ट अभ्यासातच दिसले. म्हणून रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरवरचा आकडा साधारण ९० ते ९५ च्या दरम्यान राखतात. तुम्ही मॉनिटरवर ९९ किंवा १०० पाहून समाधान मानत असाल, तर ऑक्सिजन चालू असताना तो आकडा आम्हाला नको असतो, हे लक्षात घ्या. तुमच्या मुलीला २८ टक्के ऑक्सिजन लागतो आहे. साध्या हवेत तो २१ टक्के असतोच. तिची अतिरिक्त गरज थोडी आहे, आणि तिसऱ्या दिवशी ही समाधानाची बाब आहे.

नाकाविषयीचा तुमचा दुसरा प्रश्न घरच्यांना किरकोळ वाटला असेल, पण माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

मी निवासी डॉक्टर असताना मुंबईतील एका रुग्णालयात २७ आठवड्यांचे एक बाळ आमच्याकडे सीपॅपवर होते. रोज सकाळच्या राउंडला मी त्याच्या रक्तातील वायूंचे आकडे वाचत असे, ते उत्तम होते, आणि मी पुढच्या बाळाकडे जात असे. नळ्या हलू नयेत म्हणून त्या नाकाला घट्ट टेकवून टोपीला बांधल्या होत्या. त्या उचलून खाली काय चालले आहे, ते मी पाहिले नाही. नवव्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरने मला बोलावले, तेव्हा दोन नाकपुड्यांमधला पडदा खालच्या बाजूने काळा पडला होता. बाळ वाचले, त्याची फुप्फुसे चांगली झाली. पण त्याच्या नाकाचा तो भाग पुन्हा भरून आला नाही. त्याच्या आईला ते सांगताना माझ्याकडे कोणतेही कारण नव्हते, कारण ही इजा टाळता येण्यासारखी होती. त्यानंतर आजवर सीपॅपवरच्या प्रत्येक बाळाचे नाक मी राउंडला स्वतः पाहतो.

म्हणून लाली दिसली असेल तर आजच सांगा, संकोच करू नका. नळीची जाडी नाकपुडीइतकी असावी लागते: बारीक असेल तर हवा गळते आणि मग ती आत दाबून बसवण्याचा मोह होतो, जाड असेल तर कडा पांढऱ्या पडतात. नळ्यांना जोडणारा आडवा भाग नाकाच्या पडद्याला टेकता कामा नये, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट दिसली पाहिजे. टोपी डोक्याच्या मापाची हवी, कारण टोपी सैल झाली की नळ्या सरकतात आणि पडद्यावर घासतात. पडद्याचे रक्षण करणारी मऊ चिकटपट्टी मिळते, ती लावतात. नळ्या आणि नाकावर बसणारा छोटा मास्क आलटून पालटून वापरला, तर एकाच जागी भार येत नाही. मास्कचा भार नाकाच्या मुळाशी येतो आणि नळ्यांचा पडद्यावर. दर दोन ते चार तासांनी हे सगळे सोडून पाहावे लागते. त्यासाठी माणूस लागतो. सीपॅपवरची दोन बाळे एका सिस्टरकडे असावीत, तीनपेक्षा जास्त नसावीत, असा माझा आग्रह असतो. यंत्र विकत घेणे सोपे आहे; रात्री तीन वाजता टोपीची पट्टी सैल करून नाक पाहणारे शिकलेले हात तयार करायला वर्षे लागतात, आणि त्या हातांना आपल्याकडे पगार आणि मान दोन्ही कमी मिळतात, हे मला फार खुपते.

सीपॅप एकटा काम करत नाही. बाळंतपणापूर्वी तुमच्या पत्नीला डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनची इंजेक्शने दिली होती का, ते विचारा. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाऊवी यांनी दाखवले, की आईला दिलेले हे औषध पोटातल्या बाळाची फुप्फुसे लवकर पिकवते. अशा बाळांना सीपॅप जास्त चांगला मानवतो. जन्मानंतर कॅफीन देतात. मेंदूचे श्वासकेंद्र अपक्व असल्यामुळे ही बाळे मधेच श्वास घ्यायचे विसरतात, आणि कॅफीन त्या केंद्राला जागे ठेवते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात कॅफीन मिळालेल्या बाळांत बीपीडीचे प्रमाणही कमी आढळले. कॉफीतला हा घटक बाळाला कसा देता, असे आजी-आजोबा हमखास विचारतात. मोजून दिलेल्या मात्रेत ते नवजात विभागातील सर्वांत भरवशाच्या औषधांपैकी एक आहे, असे त्यांना सांगा.

सीपॅपवर असताना पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत ऑक्सिजनची गरज ३० टक्क्यांच्या वर जाऊ लागली, तर बाहेरून सरफॅक्टंट देण्याचा विचार करतात. पूर्वी त्यासाठी श्वासनलिकेत जाड नळी घालावीच लागे. आता अनेक ठिकाणी बाळाला सीपॅपवरच ठेवून, ते स्वतः श्वास घेत असताना, एका बारीक नळीतून औषध सोडतात आणि नळी लगेच काढून घेतात. याला कौशल्य लागते, पण व्हेंटिलेटर टाळण्याच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांत झालेला हा मोठा बदल आहे.

तुमच्या एका नातेवाइकांनी हाय फ्लोची, म्हणजे नाकात जास्त वेगाने गरम, ओलसर हवा सोडणारी मऊ नळी लावण्याचा आग्रह धरला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ती नाकाला खरोखर सुखद असते आणि इजाही कमी होते. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८ आठवड्यांच्या पुढच्या बाळांना सुरुवातीचा उपचार म्हणून ती दिली, तेव्हा सुमारे २५ टक्के बाळांना ती पुरी पडली नाही. सीपॅपच्या गटात हे प्रमाण १३ टक्के होते. म्हणून आजाराच्या पहिल्या दिवसांत मी ती वापरत नाही, पुढे बाळ सावरले की वापरतो. सीपॅपवर मधूनमधून यंत्राचे जास्तीचे श्वास देण्याची एनआयपीपीव्ही ही आणखी एक पद्धत आहे. व्हेंटिलेटर काढल्यानंतर बाळाला पुन्हा तो लागू नये यासाठी ती विशेष उपयोगी पडते.

व्हेंटिलेटर केव्हा लागतो, तेही सांगतो. दाब ७-८ पर्यंत नेऊनही ऑक्सिजनची गरज ४० टक्क्यांच्या आसपास किंवा पुढे राहिली, श्वास वारंवार थांबून प्रत्येक वेळी हाताने दाबायच्या पिशवीने द्यावा लागला, किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून रक्त आम्लधर्मी होऊ लागले, तर वाट पाहू नये. एकाएकी प्रकृती खालावली तर फुप्फुसाबाहेर हवा साठली नाही ना, हे आधी तपासतात. अंधार करून छातीला प्रखर दिवा लावला की ती बाजू उजळून दिसते. अशा वेळी डॉक्टरांनी नळी घातली, तर सीपॅपवर वेळ वाया घालवला असे म्हणू नका. आधी सीपॅपने प्रयत्न झाल्यामुळे काही गमावलेले नसते.

यावरून परळला हलवण्याचे उत्तर मिळते. डोंबिवलीहून परळ गाडीने चांगल्या दिवशीही तास-सव्वा तास घेते, पावसाळ्यात किंवा संध्याकाळच्या गर्दीत दुप्पट. ११५० ग्रॅमचे बाळ त्या वेळात गार पडू शकते, नळ्या निसटू शकतात, आणि धक्क्यांनी मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक असते. अशा बाळाला हलवायचे तर ते आईच्या पोटात असतानाच हलवणे सर्वांत सुरक्षित, आणि ती वेळ आता गेली आहे. स्थिर असलेल्या बाळाला केवळ व्हेंटिलेटरची सोय असावी म्हणून मी आज हलवणार नाही. मात्र डॉक्टरांना शांतपणे काही गोष्टी विचारा: ब्लेंडर आहे का, रात्री सिस्टर किती असतात, गरज पडल्यास तिथेच व्हेंटिलेटर आहे का, सरफॅक्टंट उपलब्ध आहे का, एक्स-रे आणि रक्तवायूंची तपासणी रात्री होते का. यांतल्या बहुतेकांचे उत्तर नाही असे आले, तर बाळ ठीक असतानाच, दिवसाउजेडी, वॉर्मरची सोय आणि प्रशिक्षित चमू असलेल्या गाडीतून, सीपॅप चालू ठेवून हलवणे शहाणपणाचे ठरेल. प्रकृती ढासळल्यावर घाईने नेणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

बाळाचे पोट फुगलेले दिसले तर लगेच घाबरू नका. नाकातून जाणारी थोडी हवा जठरात उतरते, म्हणून तोंडातून जठरात बारीक नळी ठेवून ती हवा बाहेर येऊ देतात. पोट मऊ असेल, हिरवी उलटी होत नसेल आणि शौचात रक्त नसेल, तर सीपॅपवर असतानाही दूध देता येते आणि ते द्यावे. तुमच्या पत्नीने पहिल्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी दूध काढायला हवे. चिकाचे काही थेंब मिळाले तरी ते बाळाच्या गालाच्या आत लावता येतात. पान्हा उशिरा फुटला तर दात्या मातांचे दूध मिळू शकते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि आता इतर रुग्णालयांतही अशा पेढ्या आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिवसांच्या नेमक्या आकड्यात देता येत नाही. २९ आठवड्यांच्या बाळाला काही दिवसांपासून तीन-चार आठवड्यांपर्यंत सीपॅप लागल्याचे मी पाहिले आहे. आधी ऑक्सिजन २१ टक्क्यांवर येतो, मग दाब ५ पर्यंत उतरवतात, आणि बाळ ३२ आठवड्यांच्या आसपास पोचून न थांबता, न दमता श्वास घेऊ लागले की सीपॅप काढतात. काढल्यावर पुन्हा लावावा लागला, तर ती पीछेहाट समजू नका, हे वारंवार घडते. लवकर काढण्याची घाई मी करत नाही. दाबाच्या आधाराने फुप्फुस उघडे राहते, आणि त्याला वाढायला हा काळ उपयोगी पडतो.

या दिवसांत तुम्ही काचेबाहेर उभे राहून पाहत राहावे, असे मुळीच नाही. सीपॅप चालू असताना बाळाला आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीशी धरता येते. त्यालाच कांगारू पद्धत म्हणतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक किलो ते १७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असे धरले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले. तुमची मुलगी याच वजनगटात येते. पत्नीचे सिझेरियन झाले असेल आणि तिला अजून बसवत नसेल, तर तुम्ही धरा. उद्या जाताना पुढून पूर्ण उघडणारा सुती शर्ट घालून जा, कोपरापर्यंत हात धुवा, आणि सिस्टरना सांगा की मला बाळाला छातीशी घ्यायचे आहे. त्या नळ्या सांभाळून तिला तुमच्या छातीवर उभी ठेवतील. तिचे डोके एका बाजूला, मान किंचित मागे आणि नाक मोकळे असावे. किमान तासभर तसेच बसा, कारण उचलण्या-ठेवण्यात तिला सर्वांत जास्त श्रम होतात.

आणखी एक तारीख आजच वहीत लिहून ठेवा. तिचे वजन १२०० ग्रॅमपेक्षा कमी असल्याने, ऑक्सिजन कितीही काटेकोरपणे दिला असला तरी, नेत्रपटलाची पहिली तपासणी जन्मानंतर दोन ते तीन आठवड्यांत व्हायला हवी. ती तिथे होत नसेल तर कुठे आणि कोण करणार, हे या आठवड्यातच डॉक्टरांकडून ठरवून घ्या.